.४४ मॅग्नमचा मार आणि मुठीची निवड : मोठ्या रिव्हॉल्व्हरसाठी सविस्तर मार्गदर्शक

मोठ्या फ्रेमचं रिव्हॉल्व्हर घेतल्यावर पहिल्याच दिवशी रेंजवरून हात चोळत परत येणारे बरेच जण असतात. त्याच रात्री जी सगळ्यात जाड आणि मऊ रबरी मूठ दिसेल ती मागवली जाते. ती येते, बसते, तळहाताची आग थोडी कमी होते. पण मधल्या बोटाचं पेर पूर्वीसारखंच सुजतं, किंवा आता नव्यानेच अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. मऊपणा हा मूठ निवडण्याचा तिसरा-चौथा निकष आहे. मूठ तुमच्या हातात नीट बसते का आणि धक्का जिथे लागतोय तिथेच ती काही करते का, हे आधी बघायचं.

हे सगळं अमेरिकेतल्या वाचकांना धरून लिहितो आहे, कारण असली रिव्हॉल्व्हरं भारतात सर्वसाधारण परवानाधारकाच्या हाती फारशी पडत नाहीत. तिथल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. एच-१बी किंवा तसल्याच तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने शस्त्र बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत. रेंजवर भाड्याने घेतलेलं शस्त्रही त्यातच धरलं जातं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तेव्हा मुठीचा विचार करण्याआधी आपण कुठे बसतो ते पाहून घ्या.

मूठ काय करू शकते, काय नाही

.४४ मॅग्नम हे काडतूस १९५५ साली स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून आणलं. त्यामागे आयडाहोतल्या एल्मर कीथ यांचा कित्येक वर्षांचा तगादा होता, ते .४४ स्पेशलची, म्हणजे आधीच्या कमी जोराच्या प्रकारची काडतुसं स्वतः जड भरून वापरत आणि कारखान्याने तशीच बनवावीत म्हणून लिहीत असत. नेहमीच्या भारात २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने निघते. गोळी आणि बारुदाचा वायू जेवढा संवेग पुढे नेतात, तेवढाच रिव्हॉल्व्हर मागे आणतं. तो आकडा कुठलीही मूठ बदलू शकत नाही.

बदलतं ते वजनामुळे. स्मिथ अँड वेसनचं सहा इंची नळीचं मॉडेल ६२९ साधारण पावणेतेरा-शे ग्रॅम भरतं. त्याच्या धक्क्याची ऊर्जा हिशोबाने २५ ज्यूलच्या आसपास येते. तेच काडतूस चार इंची मॉडेल ३२९ पीडीमधून उडवा. स्कँडियम मिश्रधातूची फ्रेम आणि टायटॅनियमचा सिलिंडर असलेलं हे रिव्हॉल्व्हर जेमतेम सातशे ग्रॅमचं आहे. नळी आखूड असल्याने गोळीचा वेग थोडा कमी होतो, तरी ऊर्जा ४० ज्यूलच्या वर जाते. डोंगरात दिवसभर कमरेला लावून फिरायला ते सुरेख आहे, पण उडवायला ती शिक्षाच. हलकं रिव्हॉल्व्हर आणि जड काडतूस ही जोडी असेल तर मुठीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. आधी काडतूस हलकं करा.

मूठ करते ती कामं दुसरी आहेत. सगळ्यात मोठं काम म्हणजे धक्का जास्त जागेवर पसरवणं. मुठीच्या पाठीमागच्या पोलादी पट्टीची अरुंद कड अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचकीत रुतते तेव्हा सगळा मार बोटभर जागेवर येतो. तोच रुंद, गोलसर पाठीवर पसरला तर हात सहन करतो. रबर दबताना धक्का किंचित लांबतो, त्याचाही फायदा आहे, पण तो लोक समजतात त्याहून कमी. आणि हात नळीच्या किती जवळ व कुठल्या कोनात बसतो त्यावर नळीचं तोंड किती उसळतं, रिव्हॉल्व्हर हातात फिरतं की सरळ मागे येतं, हे ठरतं. शेवटचा मुद्दा जाहिरातीत कधी दिसत नाही, पण माझ्या मते निवडीतलं अर्धं शहाणपण त्यातच आहे.

आधी दुखणं शोधा

खरेदीच्या आधी एकदा रेंजवर जाऊन निव्वळ निदान करा. रिव्हॉल्व्हर रिकामं असताना मुठीला, पाठीच्या पट्टीला आणि ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) मागच्या भागाला खडूची पूड चोळा. मग भरून, नेहमीसारखं धरून दोन-तीन गोळ्या उडवा. रिकामं करून खाली ठेवा आणि हात उजेडात बघा. पूड कुठे गडद उमटली, कुठे पुसटली, कुठे कातडी लाल झाली, याचा फोटो काढा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि वर्णनं वाचून जे कळत नाही ते कळतं.

अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचकीत आडवी लाल रेघ असेल, तर डबल-ॲक्शन (नुसता ट्रिगर ओढला की हॅमर आपोआप मागे जाऊन पडतो अशा) फ्रेमच्या पाठीवरचा उंचवटा तिथे रुततोय. हा उंचवटा हाताला वर सरकू देत नाही म्हणून ठेवलेला असतो. जड काडतुसात तोच शत्रू होतो. इथे पाठ झाकणारी मूठ हवी.

मधल्या बोटाचं पेर ठेचकाळत असेल तर ट्रिगर गार्ड मागे येऊन त्यावर आदळतोय. पाठीवर कितीही रबर लावा, हे थांबणार नाही. ट्रिगर गार्ड आणि पुढच्या पट्टीमधली पोकळी भरणारी मूठ घ्यावी लागते. जुन्या पातळ लाकडी मुठी ही जागा मोकळी सोडत. म्हणूनच टायलर टी-ग्रिपसारखा छोटा ॲल्युमिनियमचा तुकडा वेगळा विकला जायचा आणि अजूनही विकला जातो. तो फक्त एवढी एकच पोकळी भरतो, आणि ज्यांना मूळ लाकूड काढवत नाही त्यांच्यासाठी हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या सांध्यात दुखत असेल तर ते सहज घेऊ नका. बहुतेक वेळा मूठ हाताला मोठी असते. बोट ट्रिगरपर्यंत पोहोचवण्यासाठी हात नकळत बाजूला वळवला जातो आणि धक्का बेचकीऐवजी थेट अंगठ्याच्या सांध्यावर येतो. अशा माणसाने आणखी जाड रबर घेतलं तर दुखणं वाढतंच. त्याला बारीक मूठ लागते, जाड नाही. मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील तर त्या दिवसाचं शूटिंग तिथेच संपवा. ते चालूच राहिलं तर मूठ बदलायची नाही, डॉक्टरांकडे जायची वेळ आली असं समजा.

तळहातभर सारखी आग होत असेल आणि एका जागी काही नसेल, तर तुमची मूठ आकाराने ठीक आहे. इथे मात्र रबर खरोखर उपयोगी पडतं.

फ्रेम ओळखल्याशिवाय मागवू नका

परत पाठवाव्या लागणाऱ्या मुठींपैकी बहुतेक या पायरीवर चुकलेल्या असतात.

स्मिथ अँड वेसनच्या .४४ मॅग्नम मॉडेल २९ आणि ६२९ यांची फ्रेम 'एन'. तिचा बुंधा, म्हणजे मुठीच्या सांगाड्याचं खालचं टोक, दोन प्रकारचा असतो : चौकोनी किंवा गोल. जुनी बहुतेक चौकोनी, १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर सरसकट गोल. पण मूठ चढवलेली असताना हे ओळखू येईलच असं नाही, कारण गोल बुंध्यावर चौकोनी दिसणारी मूठ बसवायची पद्धत कारखान्यातच होती. म्हणून जुनी मूठ काढा आणि पोलाद बघा. मागचा खालचा कोपरा टोकदार असेल तर चौकोनी, वळणदार असेल तर गोल. स्मिथच्याच मधल्या मापाच्या के आणि एल फ्रेमच्या मुठी एकमेकींना चालतात, एन फ्रेमचा विषय वेगळा आहे. विक्रेता 'सगळ्या स्मिथला बसते' म्हणाला तरी मॉडेलचं नाव यादीत दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

२००३ साली आलेल्या मॉडेल ५०० ची एक्स-फ्रेम अवाढव्य आहे, पण मुठीच्या आतला पोलादी सांगाडा मात्र लहान, के फ्रेमच्या मापाचा ठेवलेला आहे. हे मुद्दाम केलं आहे. आतला सांगाडा लहान असला की पाठीमागे रबराला जागा मिळते आणि तरीही बोट ट्रिगरपर्यंत पोहोचतं. त्यावरची मऊ मूठ होग या मुठी बनवणाऱ्या कंपनीची आहे. हीच मूठ ३२९ पीडीवर बसवणारे पुष्कळ जण आहेत, आणि त्या हलक्या रिव्हॉल्व्हरला मूळ मुठीपेक्षा ती जास्त शोभते असं माझंही मत आहे.

रुगर या दुसऱ्या कंपनीच्या बाबतीत नावं फसवतात. १९७९ च्या रेडहॉकचा मुठीचा सांगाडा जुन्या पद्धतीचा, पुढे आणि मागे पोलादी पट्ट्या असलेला. १९८७ च्या सुपर रेडहॉकला मात्र नुसता एक खुंटा आहे, रुगरच्याच जीपी१०० सारखा. मूठ त्या खुंट्यावर टोपीसारखी चढते. म्हणून सुपर रेडहॉकला जीपी१०० ची मूठ बसते, रेडहॉकची बसत नाही. खुंट्याचा मोठा फायदा असा की पाठीला पोलाद नसल्याने मूठ बनवणारा हवा तो आकार देऊ शकतो. .४५४ कॅसूल या आणखी जोरदार काडतुसातलं आखूड नळीचं सुपर रेडहॉक अलास्कन कारखान्यातूनच होगच्या 'टेमर' मुठीसह येतं, आणि ती बदलण्याची गरज फार थोड्यांना पडते.

सिंगल-ॲक्शनवाल्यांचा, म्हणजे दर गोळीला हॅमर हाताने ओढावा लागतो त्यांचा, प्रश्न निराळा. नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली ती मूठ धक्क्यात हातात वर फिरायलाच बनवलेली आहे. फिरू दिली तर मार कमी लागतो. रुगर सुपर ब्लॅकहॉकच्या चौकोनी पाठीच्या ट्रिगर गार्डने मात्र बोटाच्या पेरांची वाट लागते. तिथे पोकळी भरणारी रबरी मूठ लावून पाहा. त्याने भागलं नाही तर बिस्ली पद्धतीची मूठ असलेलं रिव्हॉल्व्हर घेण्याचा विचार करा. तिची पाठ जास्त सरळ आणि उभी असते, रिव्हॉल्व्हर फिरण्याऐवजी सरळ मागे येतं, आणि खूप जड काडतुसं उडवणारे तिलाच पसंती देतात. गुळगुळीत लाकडाची बाजू मी घेतो ती फक्त इथेच. सिंगल-ॲक्शनला चिकट रबर लावलं की मूठ फिरायच्या ऐवजी कातडी ओढते.

हात मोजा

रिकामं रिव्हॉल्व्हर, काडतुसं दुसऱ्या खोलीत. सिलिंडर उघडा, प्रत्येक खण डोळ्याने आणि बोटाने तपासा, मग बंद करा. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका सरळ रेषेत येईल असं धरा. बेचकी पाठीच्या मधोमध. आता मनगट न वळवता तर्जनी ट्रिगरवर ठेवा, हॅमर खाली असताना, डबल-ॲक्शनसाठी.

पहिल्या पेराची गादी ट्रिगरच्या मध्यावर आली तर मूठ जाडीला बरोबर. नुसतं टोक पोहोचत असेल तर मूठ मोठी आहे. पहिल्या सांध्याची वळी ट्रिगरवर येत असेल तर थोडी जाडी वाढवायला वाव आहे. दुसरी तपासणी उलट बाजूने करा : मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गुंडाळून कुठे येतंय? अंगठ्याखालच्या मांसल भागात रुतत असेल तर मूठ बारीक. तिथून जेमतेम बोटभर अंतर राहिलं तर ठीक. समोरच्या बाजूलाच राहिलं तर तुम्ही मूठ धरलेली नाही, नुसती कवटाळली आहे, आणि धक्क्यात ती निसटणार.

करंगळीकडे लोक बघत नाहीत. ती मुठीवर पूर्ण बसते का, की हवेत लोंबते? जड काडतुसात तीन बोटांनी धरणं आणि दोन बोटांनी धरणं यात फार फरक पडतो. आखूड मुठी खिशात चांगल्या, .४४ मध्ये नाही.

माझा स्वतःचा हात मध्यम, त्यातही बोटं आखूड. एन फ्रेमच्या मूळ 'टार्गेट' मुठी, त्या गोंसालो आल्व्हेस लाकडाच्या, खाली पसरत गेलेल्या देखण्या मुठी, मला बघायला फार आवडतात आणि हातात धरायला अजिबात नाही. त्या खाली जाड आणि वर निमुळत्या आहेत. माणसाच्या हाताची सगळ्यात ताकदवान बोटं वर, सगळ्यात आखूड बोट खाली. जाडी नेमकी उलटी हवी. पकड सुटते ती करंगळीपासून. चांगल्या मुठीला ओळखायची माझी एक खूण आहे : ती खालच्या बाजूला बारीक होत जाते, किंवा निदान जाड तरी होत नाही.

पाठ उघडी की झाकलेली

मोठ्या फ्रेमच्या मुठीत खरा निर्णय हाच. उघड्या पाठीची मूठ पोलादी पट्टी मागे मोकळी ठेवते. झाकलेल्या पाठीची त्यावरून रबराचा थर नेते. होगची नेहमीची रबरी 'मोनोग्रिप' बहुधा उघड्या पाठीची, बोटांच्या खाचांसह. पॅकमायरची 'प्रेझेंटेशन' झाकलेल्या पाठीची आणि खाचांशिवाय.

झाकलेली पाठ बेचकीवरचा मार कमी करते यात वाद नाही. पण ती हात मागे ढकलते, काही मिलिमीटरने का होईना, आणि तेवढ्याने ट्रिगरपर्यंतचं अंतर वाढतं. मोजणीत तुमचं बोट नुसत्या टोकाने पोहोचत होतं, तर झाकलेली पाठ घेणं म्हणजे बेचकीचं दुखणं काढून अंगठ्याला देणं. अशा हाताला उघडी पाठ, पण बाजूंना रुंद खांदे असलेली मूठ घ्यावी. ती पट्टीच्या दोन्ही कडांशी सपाट भिडते, त्यामुळे मार पट्टीच्या रुंदीइतक्याच जागेवर न राहता बाजूच्या रबरावरही जातो. पट्टीपेक्षा रबर जरासं मागे आलेलं असेल तर आणखी चांगलं.

फक्त सिंगल-ॲक्शन पद्धतीने, हॅमर ओढून, निशाणी किंवा शिकारीसाठी उडवणाऱ्याला ट्रिगरपर्यंतचं अंतर तेवढं आड येत नाही, कारण तेव्हा ट्रिगर मागेच आलेला असतो. त्याने बिनधास्त झाकलेली पाठ घ्यावी. अलास्कात अस्वलाच्या भीतीने कमरेला लावणाऱ्याने मात्र नाही. त्याला डबल-ॲक्शननेच उडवावं लागणार, आणि मोजणी त्यासाठीच करायची.

बोटांच्या खाचा

खाचा तुमच्या बोटांना जुळल्या तर उत्तम, नाही तर छळ. जुळतात की नाही हे फक्त हातात धरूनच कळतं. दोन खाचांमधला उंचवटा बोटाच्या मधोमध येत असेल तर जड काडतुसात तो आतून हाडावर मारतो, आणि तुम्ही बोटं जुळवायला हात खाली सरकवता. हात खाली गेला की तोंड जास्त उसळतं. शंका असेल तर बिनखाचांची घ्या. रबरी मुठीतला नको तो उंचवटा बारीक सॅंडपेपरने घासून टाकणारेही आहेत. स्वस्त मुठीवर करून बघायला हरकत नाही.

साहित्य

रबर. नेहमीच्या वापरासाठी माझी पहिली पसंती, पण खूप मऊ नको. अति मऊ मूठ धक्क्यात दबते आणि गोळीगणिक पकड बदलत जाते. शिवाय रबर कपड्याला चिकटतं; कोटाखाली लपवून बाळगणाऱ्याला ते नडतं. घामाने आणि तेलाने काही वर्षांत चिकचिकीत होतं तेव्हा फेकून द्यायचं, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. नवी मूठ तीस-चाळीस डॉलरला मिळते.

मऊ जेलचा थर असलेल्या मुठी, होगची टेमर त्यातलीच, .४५४ आणि .५०० साठी पैसे वसूल करतात. .४४ साठी त्या चैनीच्या.

लाकूड गुळगुळीत किंवा चेकरिंग (बारीक चौकड्यांची खोदाई) केलेलं. डबल-ॲक्शनमध्ये गुळगुळीत लाकूड घामट हातात सरकतं. धारदार चेकरिंग मात्र जड काडतुसात कानशीसारखं काम करतं. पन्नास गोळ्यांनंतर तळहातावर त्याची जाळी छापलेली दिसते. लाकूडच हवं असेल तर सपाट टोकांचं चेकरिंग, किंवा हेरेट्ससारख्या कारागिरांकडून हाताच्या मापाने बनवून घ्या. मापाने बनवलेल्या मुठीचा धक्का सहज सोसतो, त्यात मऊपणा काडीचाही नसताना. आकार आधी असं मी म्हणतो त्याचा एवढा पुरावा पुरे आहे.

जी-१० या काचतंतूंच्या पत्र्याच्या मुठी टिकाऊ आहेत, पाण्याने काही होत नाही. त्या खरखरीत असतात. मोठ्या काडतुसासाठी मला त्या आवडत नाहीत.

जाता जाता एक आपल्या मातीतली गोष्ट. अमेरिकन बाजारात 'सांबर स्टॅग' नावाने ज्या शिंगाच्या मुठींना आजही अव्वाच्या सव्वा भाव मिळतो, ते शिंग आपल्या सांबराचं. भारताने १९९० च्या दशकाच्या अखेरीस गळून पडलेल्या शिंगांच्याही निर्यातीवर बंदी घातली, तेव्हापासून जुना साठाच फिरतो आहे. 'ईस्ट इंडियन रोझवूड' म्हणजे आपलं शिसव. त्याच्या सगळ्या डालबर्जिया वंशाची २०१७ पासून साइट्स करारात (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारात) नोंद आहे, म्हणून देशाबाहेरून लाकडी मूठ मागवताना कागदपत्रं विचारा. दोन्ही दिसायला अप्रतिम. जड काडतुसासाठी शिंग नकोच; ते घसरतं, वर जोडाशी तडकतं.

बसवणं

पुन्हा रिकामं करून तपासा. हे सांगून लोक कंटाळतात, मीही कंटाळतो, तरी तपासा.

बाजूने स्क्रू असलेल्या दोन फाळक्यांच्या मुठीला योग्य रुंदीचा, सरळ पात्याचा गनस्मिथचा स्क्रूड्रायव्हर लावा. घरातला निमुळत्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर खाच खराब करतो आणि पोलादावर ओरखडा काढतो. स्क्रू पूर्ण काढू नका. दोन-चार आटे शिल्लक ठेवा आणि स्क्रूच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या मुठीने हलकेच ठोका. पलीकडचं फाळकं आपोआप सुटतं. फाळकं आणि फ्रेमच्या फटीत काहीही घालून उचकटायचं नाही. जुन्या लाकडी मुठींच्या कडा तिथेच तुटतात.

स्मिथच्या सांगाड्याच्या खालच्या भागात आडवी छोटी पिन असते. मुठीची जागा धरणारी तीच. सैल असेल तर हरवते, म्हणून मूठ काढताना खाली पांढरा कपडा अंथरा. होगच्या एकसंध मुठीबरोबर यू आकाराची पोलादी पट्टी येते. ती आधी त्या पिनवर अडकवायची, मग मूठ खालून वर सरकवायची आणि बुंध्यातून लांब स्क्रू त्या पट्टीत घालायचा. ती पट्टी उलटी बसली तर स्क्रू आटे धरत नाही. जोर लावू नका, काढून फिरवा.

सांगाड्याच्या पुढच्या पट्टीतला छोटा स्क्रू मेनस्प्रिंगला, म्हणजे हॅमरला जोर देणाऱ्या स्प्रिंगला, ताण देतो. त्याला हात लावू नका. मूठ काढलेली आहे म्हणून तो सैल करून ट्रिगर हलका करायचा मोह होतो. त्याने काडतूस न उडण्याचे प्रकार सुरू होतात.

स्क्रू हाताने घट्ट. लाकडाला त्याहून पाव फेराही जास्त नको. स्क्रू सैल होत असेल तर आट्यावर स्क्रू धरून ठेवणाऱ्या निळ्या लॉकटाइटचा थेंब, लाल नाही.

आता सिलिंडर उघडा. डावं फाळकं रिकामी काडतुसं बाहेर पडू देतं का? एजेक्टर (काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा) पूर्ण दाबा, प्रत्येक खणात डमी काडतूस घालून. मोठ्या रबरी मुठीच्या डाव्या खांद्यावर एखादं काडतूस अडकतं, आणि सगळी काडतुसं एकदम भरायचा स्पीडलोडर तर हमखास अडतो. अडत असेल तर ही मूठ फक्त रेंजसाठी, कमरेला लावायच्या रिव्हॉल्व्हरवर नको. शेवटी होल्स्टर बघा. पाठ झाकलेली नवी मूठ होल्स्टरच्या पट्ट्याला भिडू शकते.

चाचणी

पहिल्याच गोळीला पूर्ण भाराचं मॅग्नम नको. .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल चालतं, तिथून सुरू करा. सहा गोळ्या, मग हात बघा. मग मध्यम भाराची, आणि शेवटी तुमची नेहमीची. प्रत्येक टप्प्यावर खडूची पूड पुन्हा चोळून जुन्या फोटोशी ताडा. लाल खूण नुसती जागा बदलून आली असेल तर मूठ चुकली. ती पसरट आणि फिकी झाली असेल तर बरोबर.

गोळ्यांच्या अधूनमधून डमी काडतूस मिसळा, दुसऱ्या कोणाला भरायला सांगा. डमीवर नळीचं तोंड खाली झुकलं तर तुम्ही अजून धक्क्याला घाबरता आहात. मूठ कितीही चांगली असो, ती सवय हलक्या काडतुसांनीच मोडते. त्यात आठवडे जातात.

ग्लव्ह्ज घालून उडवणार असाल तर मोजणीही ग्लव्ह्ज घालूनच करा. पॅडचा थर झाकलेल्या पाठीइतकंच अंतर वाढवतो, आणि दोन्ही एकत्र आले की आखूड बोटांचं काम संपलं. मोंटाना किंवा अलास्काच्या थंडीत रबर कडक होतं हेही जमेस धरा. तिथल्या मोहिमेआधी मूठ रात्रभर बाहेर थंडीत ठेवून एकदा धरून बघा.

पन्नासेक गोळ्यांनंतर स्क्रू पुन्हा बघा. नवं रबर दबून बसतं आणि स्क्रू सैल पडतो, तेव्हा पुन्हा हाताने आवळा. जुनी मूठ स्क्रू आणि पट्टीसकट पिशवीत घालून, वर मॉडेलचं नाव लिहून ठेवा. जुन्या मॉडेल २९ च्या मूळ लाकडी मुठीला संग्राहक चांगले पैसे मोजतात, आणि रिव्हॉल्व्हर विकायची वेळ आली तर ती सोबत असल्याने किमतीत फरक पडतो.